शब्द कळले, वाक्य निसटलं: जागतिकीकरण आणि कामगारांवरचा एक इंग्रजी उतारा वाचताना

तुम्ही लिहिलं आहे की उताऱ्यातला एकूण एक अवघड शब्द शब्दकोशात पाहिला, समासात मराठी अर्थ लिहून ठेवले, तरीही पाचपैकी चार उत्तरं चुकली. लेखक जागतिकीकरणाच्या बाजूचा की विरोधातला, हेही शेवटपर्यंत उमगलं नाही. एमबीए आणि बँकांच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून मी बावीस वर्षं असे उतारे वाचून घेते आहे. या विषयाच्या उताऱ्यावर अडखळणारी मुलं मी खूप पाहिली, आणि त्यांतली बरीचशी इंग्रजीत कच्ची नव्हती. तुमची टिपणं पाहता तुम्हीही नाही.

उतारा लांब असला तरी त्याचा जीव तीन वाक्यांत आहे. ती तीन वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत उतरवते, म्हणजे डोळे सवयीने पुढे पळणार नाहीत. एकेक करून मोठ्याने वाचा.

पहिलं: 'द असिमेट्रिक मोबिलिटी ऑफ कॅपिटल अँड लेबर हॅज इरोडेड द बार्गेनिंग पॉवर ऑफ द लॅटर, ईव्हन व्हेअर प्रॉडक्शन हॅज नॉट ॲक्चुअली रिलोकेटेड.'

तुमच्या समासात आहे: असिमेट्रिक म्हणजे असमान, मोबिलिटी म्हणजे गतिशीलता, इरोड म्हणजे झीज होणे, बार्गेनिंग म्हणजे घासाघीस. हे सगळे अर्थ एका ओळीत मांडले की मिळतं 'भांडवल व श्रमाच्या असमान गतिशीलतेने नंतरच्याची घासाघीस शक्ती झिजवली आहे'. हे वाचून कोणालाच काही कळणार नाही, कारण यात एकही माणूस नाही.

आता हे मराठी वाक्य बघा: 'वीजदरवाढीच्या निर्णयाच्या अंमलबजावणीला स्थगिती.' वर्तमानपत्रात असं शीर्षक रोज असतं आणि तुम्ही ते चहा पिता पिता वाचता. चार जड नामं एकापुढे एक जोडलेली आहेत, क्रियापद तर नाहीच. तरी अडत नाही. दर कोण वाढवणार होतं, निर्णय कोणी घेतला, थांबवला कोणी, कोणाचं बिल वाचलं, ही सगळी माणसं तुमच्या डोक्यात आधीच हजर असतात. इंग्रजी उतारा वाचताना ती हजर नसतात, म्हणून ती आपणच आणून बसवावी लागतात. प्रत्येक जड नामाला विचारायचं: हे कोण करतंय आणि कोणाला? माझी शिकवण्याची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती उभी आहे.

मोबिलिटी कोणाची? कॅपिटलची आणि लेबरची. इथे लेबर या शब्दापाशी थांबलंच पाहिजे. मराठीत आपल्याकडे त्यासाठी निदान चार शब्द आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो 'श्रम' असतो, जमीन आणि भांडवलाच्या पंगतीत बसणारा. शेतावर किंवा बांधकामावर तो 'मजूर' होतो, कारखान्यात 'कामगार', आणि 'लेबर या धोरणाच्या विरोधात गेलं' असं वाक्य आलं की बहुधा 'कामगार संघटना'. इंग्रजी लेखक एकाच परिच्छेदात हे चारही अर्थ वापरतो आणि कुठला कुठे, हे सांगत नाही. तुम्ही सगळीकडे 'श्रम' लिहिलंत. श्रमाला सौदा करता येत नाही, कामगाराला येतो. पहिल्या वाक्यात लेबर म्हणजे कामगार. शब्दकोशाने तुम्हाला चुकीचा अर्थ दिला नाही, त्याने दिलेल्या अर्थांतून निवडायचं काम मात्र तुमचं होतं.

कॅपिटललाही तेच लागू. भांडवल स्वतः चालत कुठे जात नाही, ते हलवणारं कोणीतरी असतं. आता वाक्य असं उभं राहतं: ज्यांच्याकडे पैसा आहे ते आपला पैसा एका देशातून दुसऱ्या देशात सहज हलवू शकतात, जे हातांनी कामं करतात त्यांना तसं हलता येत नाही. पैसा परदेशात जाण्यावर बंधनं आहेत, पण गेल्या काही दशकांत ती सैल होत आली. माणसाचं तसं झालं नाही. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची वर्षाची नेहमीची मर्यादा ६५,००० आणि तिथल्या विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी वर आणखी २०,०००. ही झाली शिकलेल्यांची गोष्ट. रत्नागिरीहून आखातात गेलेल्या माणसाला विचारा. तिथल्या अनेक देशांत चालत आलेल्या कफाला पद्धतीत त्याचा परवाना ज्या मालकाने बोलावलं त्याच्याशी बांधलेला असतो. समुद्र ओलांडूनही त्याला समोरच्या कारखान्यात नोकरी धरण्याची मोकळीक आपोआप मिळत नाही. असिमेट्रिक मोबिलिटी ती हीच.

या विषयावरचा कुठलाही उतारा वाचताना एक जुनी गोष्ट माहीत असली तर फार उपयोग होतो. देशादेशांतल्या व्यापाराने दोघांचाही फायदा होतो, हे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं. इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन हे त्यांचं उदाहरण अजून शिकवलं जातं. पण त्या उदाहरणामागे एक गृहीत होतं: कापड देशाबाहेर जाईल, कापडवाल्याचा पैसा सहसा जाणार नाही. धनवान माणसाला परक्या राजवटीच्या भरवशावर आपली संपत्ती टाकायला धीर होत नाही, असं रिकार्डोंनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं, आणि ही भावना कमी झालेली आपल्याला आवडणार नाही असंही म्हटलं. आजचे लेखक जेव्हा कॅपिटल मोबिलिटी म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा याच गृहीतावर बोट ठेवत असतात. परीक्षेत रिकार्डोंचं नाव येणार नाही, पण लेखक कशाशी वाद घालतो आहे ते लगेच लक्षात येईल.

'द लॅटर' म्हणजे दोहोंतलं दुसरं. तो कोण, या प्रश्नाला तुम्ही 'प्रॉडक्शन' निवडलंत, कारण पर्याय बघताना डोळा वाक्याच्या शेवटाकडे गेला. लॅटर नेहमी मागे बघतो. मागे दोघं आहेत, कॅपिटल आणि लेबर. दुसरा लेबर. हा गुण विषय न समजताही मिळण्यासारखा होता.

खरी गोम स्वल्पविरामानंतर आहे: ईव्हन व्हेअर प्रॉडक्शन हॅज नॉट ॲक्चुअली रिलोकेटेड. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण क्रियापदाची वाट बघत वाचतो आणि ते आलं की वाक्य संपलं असं मन मानतं. इंग्रजीत ते मध्येच येऊन जातं. 'हॅज इरोडेड' वाचलं की आपण मनातून वाक्य मिटवतो आणि उरलेली शेपटी नुसती नजरेखालून घालतो. अवघड इंग्रजी गद्यात लेखकाचा स्वतःचा मुद्दा पुष्कळदा त्या शेपटीतच असतो.

या शेपटीचा अर्थ मला पुस्तकाआधी घरात कळला. मी इचलकरंजीची. वडिलांचे चार माग होते, खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणणं आमचं, आणि मजुरी मीटरवर. दर वाढवून मागितला की व्यापाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं: 'भिवंडीत यापेक्षा कमीत विणून मिळतं.' माझ्या आठवणीत त्याने एकही बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, भिवंडीला पाठवलं नाही. पाठवायची गरजच पडली नाही. ते वाक्य ऐकून वडील जुन्या दरावर यायचे. व्यापारी दुसरीकडे जाऊ शकत होता आणि आमचे माग जमिनीत रोवलेले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. इचलकरंजी आणि भिवंडी एकाच राज्यात आहेत, म्हणून याला जागतिकीकरण म्हणता येणार नाही. पण यंत्रणा अगदी तीच. भिवंडीच्या जागी ढाका घाला, व्यापाऱ्याच्या जागी एखादा परदेशी ब्रँड, आणि लेखकाचं वाक्य पूर्ण होतं: कारखाना हललाच पाहिजे असं नाही, तो हलू शकतो एवढं दोन्ही बाजूंना माहीत असणं कामगाराचा दर पाडायला पुरतं. दानी रॉड्रिक यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ १९९० च्या दशकापासून हा मुद्दा मांडत आले आहेत.

म्हणून बार्गेनिंग पॉवरला 'घासाघीस शक्ती' म्हणून चालत नाही. घासाघीस भाजीबाजारात होते आणि जमली नाही तर पुढच्या गाड्यावर जाता येतं. इथे पुढचा गाडा एकाच बाजूला आहे. 'नाही' म्हणून उठून जाता येण्याची ताकद, असा अर्थ मनात धरा.

दुसरं वाक्य: 'इट्स प्रोपोनंट्स आर नॉट राँग टु पॉइंट आउट दॅट द गेन्स एक्सीड द लॉसेस; व्हॉट दे ओमिट इज दॅट द कॉम्पेन्सेशन सो रेडिली इन्व्होक्ड इन थिअरी इज सेल्डम पेड इन प्रॅक्टिस.'

'इट्स प्रोपोनंट्स' म्हणजे जागतिकीकरणाचे समर्थक. इथे लेखक दोन आवाजांत बोलतो, आणि तुम्ही दोन्ही त्याचेच समजलात. 'नॉट राँग' हा होकार आहे, पण हात राखून दिलेला. आपणही म्हणतो, 'तुमचं चुकतंय असं नाही, पण...' आणि ऐकणाऱ्याला कळतं की खरं बोलणं 'पण'च्या पुढे आहे. या वाक्यात 'बट' शब्द नाही, म्हणून तुम्ही ते शोधत राहिलात. ते काम इथे अर्धविराम करतो. त्याच्या डावीकडे लेखक समोरच्याला त्याचं देणं देतो, उजवीकडे स्वतःचं मांडतो.

कॉम्पेन्सेशनचा अर्थ तुम्ही 'मोबदला' लिहिलात आणि तो पगाराकडे नेलात. इथे ती 'भरपाई' आहे. व्यापाराने काहींचा फायदा होतो, काहींचं नुकसान. फायदा झालेल्यांनी नुकसान झालेल्यांना भरपाई दिली तरी त्यांच्याकडे काही उरत असेल, तर बदल एकूण हिताचा मानावा, असा युक्तिवाद निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या अर्थतज्ज्ञांनी १९३९ मध्ये मांडला. त्यात भरपाई देता येऊ शकते एवढंच पुरेसं धरलं आहे, ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे अशी अट नाही. लेखकाचा सगळा राग या फटीवर आहे. अमेरिकेने १९६२ साली परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्या कामगारांसाठी मदतीची योजना सुरू केली होती, प्रशिक्षण आणि काही काळ भत्ता देणारी. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर फर्निचर आणि कापडाच्या कारखान्यांवर जगणारी अमेरिकेतली गावं डबघाईला येत गेली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की नोकरी गेलेली माणसं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात गेली नाहीत, बरीचशी तिथेच अडकून पडली. मदतीच्या योजनेची मुदत संपली आणि जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. 'सेल्डम पेड इन प्रॅक्टिस', म्हणजे प्रत्यक्षात क्वचितच दिली जाते, या चार शब्दांत हे सगळं बसलेलं आहे.

मग लेखकाच्या भूमिकेबद्दलचा प्रश्न. तुम्ही 'कडवा विरोधक' हा पर्याय निवडलात. पण तो फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत हे मान्य करतो. कडवा विरोधक हे कधीच मान्य करणार नाही. बरोबर उत्तर 'फायदे मान्य, वाटपाबद्दल गंभीर आक्षेप' अशा अर्थाचं होतं.

इथेच एक सावधगिरी, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी खास. हा विषय निघाला की गिरणगाव आठवतं. ते योग्यच आहे, ती आपल्या घरातली गोष्ट आहे. पण मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि आपलं आर्थिक उदारीकरण १९९१ चं. गिरण्या बंद पडण्याची कारणं बोनस आणि पगाराच्या तंट्यात होती, संघटनांना मान्यता देणाऱ्या कायद्यात होती, यंत्रमागाकडे सरकलेल्या विणकामात होती, पुढे जमिनीच्या भावात होती. जागतिकीकरणावरच्या उताऱ्यात ती वेदना मिसळली की लेखक जे म्हणत नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो. तुमच्या टिपणात दुसऱ्या वाक्याशेजारी 'गिरणी संप!' असं लिहिलेलं दिसलं, आणि तिथून पुढे तुमची उत्तरं घसरली आहेत.

तिसरं वाक्य: 'इट वुड बी फॅसाइल, देअरफोर, टु डिसमिस द क्लॅमर फॉर लेबर स्टँडर्ड्स ॲज प्रोटेक्शनिझम इन डिसगाइज, दो इट हॅज ऑन ऑकेजन बीन प्रिसाइजली दॅट.'

फॅसाइलला तुम्ही 'सोपे' म्हटलंत, आणि वाक्य उलटं झालं. 'असं म्हणणं सोपं आहे' म्हणजे लेखक तसं म्हणतोय, असा अर्थ तुम्ही घेतलात. फॅसाइलमध्ये दूषण आहे: खोलात न जाता, वरवर बघून उरकलेलं. लेखक म्हणतो, कामगारांच्या किमान हक्कांची मागणी म्हणजे स्वतःच्या कारखान्यांना वाचवण्यासाठी घातलेला मुखवटा आहे, असं म्हणून ती उडवून लावणं उथळपणाचं ठरेल. आणि लगेच शेपटी: अर्थात काही वेळा ती नेमकी तेवढीच होती.

एक आणि त्याच्या विरुद्ध दुसरं, दोन्ही खरं कसं? याचं उत्तर मुंबईतच आहे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं. मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या तशी इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणीमालकांना स्पर्धा जाणवली. मुंबईत कामाच्या तासांवर बंधन नाही, लहान मुलं राबतात, असा गिल्ला त्यांनी ब्रिटनमध्ये केला. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली आला. भारतीय गिरणीमालक आणि बरीचशी राष्ट्रवादी वृत्तपत्रं म्हणाली, हा कळवळा मुलांचा नाही, लँकेशरच्या नफ्याचा आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 'प्रिसाइजली दॅट' ते हेच.

पण त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणीत काम केलेले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं: रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. हे निवेदन लँकेशरहून आलेलं नव्हतं, सह्या परळ-लालबागच्या माणसांच्या होत्या. एकाच मागणीमागे एकीकडे परक्या मालकाचा स्वार्थ होता आणि दुसरीकडे इथल्या कामगाराची थकलेली पाठ. पहिल्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला गप्प करणं, याला लेखक फॅसाइल म्हणतो. मला या विषयात सर्वांत जवळचं वाटणारं वाक्य हे आहे, आणि लोखंडे माहीत असल्याशिवाय ते मराठी मुलाला पूर्ण उघडत नाही असा माझा अनुभव आहे.

हा वाद पुढे मोठ्या सभागृहात गेला. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर १९९६ च्या सिंगापूर परिषदेत कामगार हक्कांना व्यापाराच्या अटींत बांधायला भारतासह अनेक विकसनशील देशांनी विरोध केला. ते काम आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं आहे आणि कमी पगार असलेल्या देशांच्या व्यापारी फायद्याला यातून धक्का लागता कामा नये, असं जाहीरनाम्यात नमूद झालं. मग २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. तिथल्या कामगारांनी त्यानंतर जे मागितलं, त्याला मुखवटा कसं म्हणणार? पण त्याच जूनमध्ये अमेरिकेने कामगार हक्कांचं कारण देऊन बांगलादेशची आयात करातली सवलत थांबवली, तेव्हा तयार कपड्यांचा मोठा भाग त्या सवलतीत मुळात नव्हताच. ज्यांच्या नावाने निर्णय झाला त्या धंद्यावर त्याचा थेट परिणाम नगण्य. दोन्ही बाजूंचे पुरावे एकाच वर्षात, एकाच गावाभोवती. म्हणून लेखकाने 'दो', म्हणजे 'जरी', घालून वाक्य लांबवलं, आणि म्हणून ती शेपटी सोडून देता येत नाही.

राहिला पाचवा प्रश्न, लेखकाच्या पहिल्या दाव्याला सर्वांत जास्त धक्का कशाने बसेल. तुम्ही निवडलंत: 'अनेक कंपन्यांनी आपले कारखाने मूळ देशातच ठेवले, असं आढळलं.' आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा, शेपटीसकट. कारखाने न हलल्याची शक्यता लेखकाने स्वतःच त्यात धरली आहे. वडिलांचं बीमही भिवंडीला गेलं नव्हतं. दावा पाडायचा तर असं काहीतरी दाखवावं लागेल की कारखाना सहज हलवता येत होता, कामगारांना ते माहीत होतं, तरीही त्यांनी दर वाढवून मागितला आणि मिळवला. तुमच्या पर्यायांत 'ड' नेमका तोच होता.